इंग्लंडच्या राजाचा सुंठवडा

इरावती माझी धाकटी बहीण. सख्खी, माझ्या पाठची, एकुलती एक. आधीच सांगून टाकलेलं बरं, कारण छत्रीबागेत माझ्या टेंट हाउसवर एवढा मोठा बोर्ड असून लोक मला ‘इरावतीताईंचे भाऊ’ म्हणूनच ओळखतात. मला त्याचं वाईट नाही वाटत. उलट कोणी ओळखत नसेल तर मीच सांगतो. अर्ध्या इंदूरची लग्नं श्रीपाद टेंट हाउसच्या मांडवाखाली लागलेली आहेत भिया, खोटं नाही बोलत. पण टेंटवाले शंभर मिळतील. अशी बहीण एक दाखवा.

मी दहावी पास, ते पण दुसऱ्या झटक्यात. इरा एम.ए., इतिहास घेऊन. अन्नपूर्णा मंदिराकडच्या एका शाळेत तिने जन्मभर इतिहास शिकवला. आता रिटायर झाली, तरी रस्त्यात मोठमोठे बाप्ये स्कूटर थांबवून तिच्या पाया पडतात. लग्न नाही केलं. का नाही केलं, ते पूछणं आम्ही केव्हाच सोडून दिलं. माझ्याच घरी वरच्या मजल्यावर राहते.

आमचे बाबा मिलमध्ये कारकून आणि संध्याकाळी कीर्तनकार. आमच्या गल्लीच्या टोकाला रामाचं देऊळ आहे, तिथे गुढीपाडव्यापासून रामनवमीपर्यंत रोज कीर्तन असतं. शेवटच्या दिवशीचं, जन्माचं कीर्तन, ते बाबांचं. ज्यांनी पाहिलं नाही त्यांच्यासाठी सांगतो. भर दुपारी कीर्तनकार कथा सांगत सांगत बरोबर बाराच्या ठोक्याला येऊन थांबतात. डोळे मिटतात, हात जोडतात. आणि मग सगळं देऊळ उभं राहतं. फुलं उडतात, घंटा वाजतात, बायका पाळण्याची दोरी ओढतात, पाळणा म्हणतात आणि सुंठवडा वाटला जातो. बाबा गेल्यावर हे कीर्तन इराकडे आलं. बाईमाणूस कसं करणार म्हणणारे दोन-चार जण होते. पहिल्याच वर्षी तिने वरचा सूर लावला आणि ते चारही जण सुंठवड्याच्या लाइनीत सगळ्यात पुढे होते. मी स्वतः पाहिलं, मीच वाटत होतो.

मग तिच्या गळ्यात गाठ निघाली.

ऑपरेशन झालं. डॉक्टर भला माणूस. गाठ आवाजाच्या नसेवर बसली होती, ती सोडवता सोडवता जीव वाचवला, हे त्याचे उपकार मी या जन्मी फेडू नाही शकणार. त्याच्या मुलीच्या लग्नात सगळा मंडप माझा होता, एवढंच. पण आवाज खाली बसला. आधी तर बोलायचीच मनाई. इरा पाटीवर लिहायची आणि आम्ही वाचायचो. माझं वाचन जरा दमानंच, म्हणून माझी बायको शोभना तिचा आवाज झाली. दूधवाल्याशी, डॉक्टरशी, शाळेच्या लोकांशी इराच्या वतीने शोभना बोलायची, आणि एवढं बरोबर बोलायची की इरा नुसती मान हलवायची. नणंद-भावजयीचं असं कुठे पाहिलं नाही मी.

नंतर आवाज आला, पण कसा, तर संध्याकाळी रेडिओ हळू करून ठेवतात ना, तसा. खालचे सूर लागायचे. वर गेली की चिरका होऊन तुटायचा. इराने स्वतःच अप्पासाहेबांना निरोप पाठवला की रामनवमीला दुसरं कोणी बघा. अप्पासाहेब म्हणजे देवळाच्या ट्रस्टचे अध्यक्ष, रेल्वेतून रिटायर, ऐंशीच्या पुढचे, अजून ताठ. त्यांनी पुण्याहून बुवा बोलावले. तीन-चार रामनवम्या अशाच गेल्या. जन्माच्या वेळी इरा गर्दीत मागे, खांबाला टेकून उभी राहायची. फुलं उडवायची. मी तिच्याकडे नाही पाहायचो.

या गप्प बसण्याच्या दिवसांत तिला एक राजा भेटला.

इंग्लंडचा. चार्ल्स दुसरा. लायब्ररीतून जाडंच्या जाडं इंग्रजी पुस्तक आणलं होतं तिने आणि रोज चहाच्या वेळी त्यातलं आम्हाला हळू आवाजात सांगायची. आम्ही नवरा-बायको कप हातात धरून तिच्याकडे सरकून बसायचो, कारण लांबून ऐकू यायचं नाही. एक दिवस मी तिला बोललो, हा कुठला गोरा पकडलास, आपल्याकडे राजे कमी आहेत का. तिने कप खाली ठेवला. मग म्हणाली, “दादा, याचं सगळं गेलं होतं. आणि याला परत मिळालं.”

मी तिचा कप पुन्हा भरला. दहावी असलो तरी एवढं समजतं.

मागच्या वर्षी माघात ती स्वतः अप्पासाहेबांकडे गेली. मी बरोबर होतो. ती म्हणाली, जन्माचं नको, पण रामाच्या नवरात्रातली एखादी संध्याकाळ मला द्या. अप्पासाहेबांनी खूप विचार केला. अष्टमीची संध्याकाळ रिकामी होती. ते म्हणाले, घे अष्टमी. पण पोटातलं बोलतो इरा, राग नको मानूस. त्या संध्याकाळी तुझं कीर्तन उभं राहिलं तर पुढच्या वर्षापासून रामनवमी परत तुझ्याच घरी. नाही राहिलं, तर मग हा विषय संपला. तू पुन्हा विचारायचं नाहीस, कारण तुला नाही म्हणायला मला दर वर्षी जमणार नाही.

मला तिथेच राग आला होता. आमच्या बाबांचं कीर्तन, आणि आमची परीक्षा? पण आता वाटतं, म्हातारा खरं बोलला. गोड बोलून टोलवत बसला असता तर इरा अजून खांबालाच टेकलेली असती.

मग त्यांनी पूछलं, आख्यान कुठलं? शबरी? सुदामा? इराने राजाचं नाव सांगितलं. अप्पासाहेबांनी चष्मा काढला.

“रामाच्या नवरात्रात साहेबाची कथा?”

इरा म्हणाली की सुरुवातीला निरूपण उपकाराच्या जाणिवेवर आहे, अभंग आपलाच आहे, आणि त्याला दाखला म्हणून हा राजा. शिवाजी महाराज जन्मले त्याच साली हाही जन्मला, तोही वेश पालटून शत्रूच्या हातावर तुरी देऊन निसटला. आणि महाराज आग्र्याहून सुटले त्याच्या पुढच्याच महिन्यात याचं लंडन जळत होतं. अप्पासाहेबांनी चष्मा परत घातला. महाराजांचं नाव आल्यावर नाही कोण म्हणणार. फक्त म्हणाले, देवळात उभी आहेस हे विसरू नको.

घरी येताना मी तिला बोललो, शबरी केली असतीस तर काय बिघडत होतं, लोकांच्या ओळखीची आहे. ती म्हणाली, तेच तर. शबरीची सगळी पदं बाबांच्या चालीतली, सगळी वरच्या पट्टीतली. मी ती म्हणाले की लोक मला ऐकणारच नाहीत, माझ्या जुन्या आवाजाला ऐकतील. या राजाची चाल कोणाला माहीत नाही. याला म्हणतात डोकं.

तिने स्वतः पदं रचली, सगळी खालच्या सुरात. पेटीला मोहनजी. हे बाबांच्या वेळेपासूनचे पेटीवाले, बोलायला कडू, वाजवायला गोड. रोज संध्याकाळी वरच्या मजल्यावर तालीम. सगळं जमून आलं होतं, एक जागा सोडून. राजा परत येतो ती जागा. कीर्तन तिथे वर चढलंच पाहिजे, नाहीतर आख्यान उभंच राहत नाही. आणि तिथे रोज इराचा आवाज तुटायचा. खाली जिन्यात बसून मी ऐकायचो. एकदा, दोनदा, मग पेटी थांबायची. मोहनजी बोलले, ताई, ही ओळ सोडून द्या, बोलून काढा, कोणाच्या बापाला कळणार नाही.

“राजा परत आला आणि मी पुटपुटले,” इरा म्हणाली, “असं कसं चालेल मोहनजी?”

अष्टमी आली. देऊळ भरलं होतं, आणि ते माझ्यामुळे. सांगायला काय लाजायचं. छत्रीबागेतलं एक घर मी सोडलं नव्हतं. भंवरकुआंला जे पोट्टे परीक्षांची तयारी करतात, त्यांना पण बोललो होतो की या, इंग्लंडचा इतिहास फुकटात होऊन जाईल. आले की आठ-दहा. गालिचे माझे, माइक माझा, दोन मोठे उभे पंखे माझे. दुसऱ्या दिवशी रामनवमी म्हणून पाळणा आधीच टांगून, सजवून तयार होता, फक्त रिकामा. फुलांच्या टोपल्या खांबाशी ओल्या फडक्याखाली. आणि सुंठवड्याचा मोठा स्टीलचा डबा शोभनाच्या ताब्यात, कारण सुंठवडा तिच्या हाताचाच लागतो, हे अख्ख्या गल्लीला माहीत आहे.

इरा उभी राहिली. मोतिया रंगाची नऊवार, गळ्यात उपरणं, हातात चिपळ्या. पूर्वार्धात अभंग झाला, निरूपण झालं. ठीक झालं. लोक ऐकत होते पण माइक असून मागची मंडळी पुढे वाकत होती, कान पुढे करत होती. दोघं-तिघं उठून गेले. मध्ये बुक्का लावला, हार घातला. अप्पासाहेब पुढे खुर्चीवर, काठीवर दोन्ही हात, चेहरा असा की काही वाचता नाही येणार.

मग आख्यान सुरू झालं.

तिने काही लपवलं नाही. बापाचं डोकं त्याच्याच प्रजेने उडवलं. पोराने सैन्य जमवलं आणि वूस्टर नावाच्या गावी सपाटून मार खाल्ला. आता हा एकवीस वर्षांचा राजा, सहा फूट उंच, लपवायचा कुठे? त्याच्या डोक्यावर इनाम लागलेलं. तेव्हा त्याला लपवलं पाच भावांनी. पेंडरेल त्यांचं आडनाव. रानात लाकडं तोडणारी, शेती करणारी साधी माणसं. राजाचे लांब केस कापले, तोंडाला काजळी फासली, अंगात लाकूडतोड्याचा सदरा घातला. पण त्याच्या मापाचे जोडे गावात नव्हते. लहान जोडे फाडून त्यात पाय कोंबले आणि रक्त येईपर्यंत रात्रभर चालला. अशा माणसाला सकाळी ओकच्या एका मोठ्या झाडावर चढवून बसवलं. बरोबर एक सरदार. आणि खाली रानात शिपाई.

इथे इराने आवाज अजून खाली आणला. मला वाटलं, गेलं. पंख्यांच्या घरघरीत तिचं काही ऐकूच येत नव्हतं. मी एका खांबाशी होतो, पंख्यांचे स्विच माझ्या खांद्याजवळ. मी दोन्ही पंखे बंद करून टाकले.

आता चैत्रातलं इंदूर, त्यात भरलेलं देऊळ. पण एक माणूस नाही बोलला की पंखा लाव. एवढी शांतता मी त्या देवळात कधी ऐकली नाही. फांदीवर राजा सरदाराच्या हातावर डोकं ठेवून झोपला. खाली शिपाई झुडपं बडवताहेत. सरदाराचा हात बधिर झालाय. राजा फांदीवरून पडेल. पण हाक मारावी तर खाली ऐकू जाईल. मग करावं काय? इराने चिपळ्या काखेत धरल्या आणि स्वतःच्या दंडाला हळूच चिमटा काढला. बस. सरदाराने राजाला चिमटा काढून उठवलं. देवळात लोकांनी आपापले दंड चोळले. माझ्या शेजारी भंवरकुआंचा एक पोट्टा श्वास धरून उभा होता.

त्या क्षणाला मला कळलं की हे वरच्या आवाजातून झालंच नसतं. जुन्या आवाजाच्या इराला ही गोष्ट सांगता आली नसती. गेलेल्या आवाजाचे पण उपकार असतात.

पुढे भावांनी त्याला गिरणीच्या घोड्यावर बसवलं. राजा कुरकुरला की घोडा फार मठ्ठ आहे. त्यावर एक भाऊ बोलला, महाराज, बिचाऱ्याच्या पाठीवर तीन राज्यांचं ओझं आहे, तो काय धावणार. देऊळ हसलं. मग एका बाईचा नोकर बनून, तिला आपल्या मागे घोड्यावर बसवून समुद्राकडे. मग फ्रान्स. मग नऊ वर्षं परदेशात भटकणं, फाटके कपडे, उधारीचं जेवण. आज या दारात, उद्या त्या दारात. ज्यांनी काल मुजरे केले ते आज घरी नाहीत म्हणून सांगायचे. इराने हे सांगितलं तेव्हा तिने कोणाकडे पाहिलं नाही. पण मी पाहिलं, अप्पासाहेबांची मान खाली होती.

मग क्रॉमवेल मेला, ज्याने हे सगळं घडवलं तो. त्याच्या मुलाला राज्य झेपेना. लोकांनीच राजाला निरोप धाडला, या. आणि तो लंडनमध्ये शिरला तो दिवस त्याचा जन्मदिवस होता. रस्त्यावर फुलं अंथरलेली, घंटा वाजताहेत, हौदातून पाण्याऐवजी वाइन.

मोहनजींनी पेटीचा भाता भरला. ती जागा आली.

इराने सूर लावला. चढली, चढली, आणि तुटला. तालमीत तुटायचा तिथेच, तसाच. मोहनजींनी पेटीवर बोट धरून ठेवलं. तिने पुन्हा तोंड उघडलं, आवाजच नाही आला. नुसती हवा.

आता काय करणार? ती थांबली. तिने डोळे मिटले आणि हात जोडले. मला नंतर बोलली की दादा, मी रामाला एवढंच सांगत होते की आता तू बघ.

पण आमच्या देवळातल्या बायकांनी काय पाहिलं? इरावती, त्या जागी, थांबलेली, डोळे मिटलेले, हात जोडलेले. मागे सजवलेला पाळणा. हे चित्र त्यांनी वर्षानुवर्षं एकाच वेळी पाहिलेलं. डोकं विचार करेपर्यंत हात थांबतात का? मधुरिमाकाकू, पाळण्याची दोरी ओढण्याचा मान ज्यांचा, त्या एकदम उठल्या आणि दोरी ओढली. रिकामा पाळणा हलला. त्यासरशी टोपल्यांवरची फडकी उडाली. फुलांचा पाऊस झाला इरावर. कोणीतरी घंटा ओढली. आणि सगळ्या बायकांनी मिळून पाळणा सुरू केला, थेट वरच्या सुरात, जिथे इराला जायचं होतं आणि जाता येत नव्हतं, बरोबर तिथे. मोहनजी मुरलेला माणूस. त्यांनी एका क्षणात पट्टी पकडली आणि गाण्याला पेटीची साथ धरली. पुरुष पण उभे राहून गेले. मी पण टाळ्या वाजवत होतो. इंग्लंडच्या राजाचा रामजन्म होऊन गेला.

दोन कडवी झाल्यावर पहिल्यांदा कोणाच्या तरी लक्षात आलं. मग शेजारणीच्या. मधुरिमाकाकूंनी दोरी अशी सोडली की जशी तापलेली आहे. गाणं विरत गेलं, कोणी तोंडाला पदर लावला, भंवरकुआंचे पोट्टे काहीच न समजून आमच्याकडे बघत राहिले. अप्पासाहेब उभे होते. पूर्ण देऊळ इराकडे पाहत होतं.

इराने डोळे उघडले. केसांत, खांद्यावर, चिपळ्यांवर फुलं. ती थोडी थांबली आणि तिच्या त्या खालच्या आवाजात म्हणाली, “बाळ त्या दिवशी तीस वर्षांचं झालेलं होतं.”

बस. असं हसलं देऊळ की कबुतरं उडाली. हसताना लोक डोळे पुसत होते. उठून गेलेले पण आवाज ऐकून परत आले.

त्यानंतरचं कीर्तन म्हणजे हातात आलेलं. राजा काही देव नव्हता, हे पण तिने सांगितलं. बायका फार, औरस मूल एक नाही, खर्चीक, फ्रान्सच्या राजाकडून लपून पैसा घ्यायचा, आणि दरबारात जिथे बघावं तिथे कुत्री. पण बंद पडलेली नाटकं त्याने परत सुरू केली आणि बाईला पहिल्यांदा स्टेजवर उभं राहू दिलं. इथे इरा जरा जास्तच थांबली आणि मधुरिमाकाकूंनी मान डोलावली. लग्नात त्याला सासऱ्याच्या घरून आपली मुंबई आंदण मिळाली, हे ऐकून पुरुष मंडळीत चुळबुळ झाली. मग लंडनला साथ आली, आपल्या कोरोनासारखी. मग आग. तेव्हा राजा स्वतः घोड्यावरून उतरून लोकांच्या रांगेत उभा राहून पाण्याच्या बादल्या देत होता.

आणि ज्यांनी लपवलं त्यांना विसरला नाही. पाचही भावांना दरबारात बोलावलं, जन्माची पेन्शन लावून दिली, त्यांच्या वंशातल्या काही लोकांना ती आजही मिळते. पहिल्या पळापळीत एका पाद्रीने त्याचे रक्ताळलेले पाय धुतले होते, लपायला स्वतःची खोली दिली होती. राजा मरायला टेकला तेव्हा तोच पाद्री, म्हातारा झालेला, चोरजिन्याने त्याच्या उशाशी आणला गेला. ज्याने कधी देह वाचवला तो आता आत्म्यासाठी आला. मरता मरता राजा भोवतीच्या लोकांना बोलला, माफ करा, मी मरायला फार वेळ लावतोय.

आरतीच्या आधी इरा म्हणाली, या राजाला लपवायला पाच भाऊ लागले. मला एक पुरला. आणि एक वहिनी, जी माझी पाटी वाचायची. आणि आज हे सगळं देऊळ, जे मी पडले तेव्हा खाली हात धरून उभं होतं.

पाच जणांचं काम एकट्याने केलं, हे मी मागाहून सगळ्यांना सांगितलं, पण तेव्हा मी खांबाकडे तोंड करून उभा होतो.

आरती झाली आणि मग कळलं की गडबड वेगळीच आहे. पाळणा सुरू झाला तेव्हा शोभनाने काय करावं? जन्म झाला म्हणजे सुंठवडा वाटायचा. तिने डबा उघडला आणि वाटत सुटली. द्रोण भरभरून. भंवरकुआंच्या पोट्ट्यांनी दोनदा घेतला. डबा खडखडीत रिकामा. मी तिला बोललो, अगं, इंग्लंडच्या राजाला सुंठवडा? ती म्हणाली, मी राजाला कुठे दिला, मी इराताईला दिला.

अप्पासाहेब मात्र आरती होताच निघून गेले. इराशी एक शब्द नाही. जाताना फक्त रिकाम्या डब्यात वाकून पाहिलं आणि काठी टेकत गेले. घरी आल्यावर इराने फुलं एकेक करून केसांतून काढली आणि ताटलीत ठेवली. म्हणाली, सूर तर तुटलाच दादा. ते बरोबरच गेले. मी म्हटलं, झोप. मला पण झोप नाही आली.

दुसऱ्या दिवशी, रामनवमीला, उजाडायच्या आत शोभनाने मला हलवून उठवलं. सुंठ कुटायला बस. खाली आमच्या अंगणात आधीच चार-पाच बायका येऊन बसल्या होत्या, आपापले खलबत्ते घेऊन, न बोलावता. मधुरिमाकाकू खोबरं किसत होत्या आणि हसून हसून हात थांबत होता. इरा साखर चाळत होती. सगळ्या गल्लीत सुंठेचा वास, सगळ्यांच्या नाकाला पाणी.

तेवढ्यात दारात काठी वाजली. अप्पासाहेब. आंघोळ करून, कपाळाला गंध. मी खुर्ची दिली, बसले नाहीत. म्हणाले की आमच्या देवळात रामाच्या आधी दुसऱ्याचाच जन्म झाला, वर रामाचा प्रसाद खाऊन गेला, असं कधी घडलं नव्हतं. पुण्याचे बुवा सकाळीच आले, त्यांना देवळाच्या पायरीवरच लोकांनी सगळं सांगून टाकलं, ते पोट धरून हसताहेत. बायका सगळ्या खाली बघून कुटत राहिल्या.

मग त्यांनी इराकडे पाहिलं.

“आजचं कीर्तन बुवांचंच, बोलावलंय त्यांना. पुढच्या वर्षीचं तुझं. ते काल मी डब्यात वाकलो तेव्हाच ठरलं, जन्माचा प्रसाद संपला म्हणजे कीर्तन उभं राहिलं. पण आज बाराला पाळणा तू धर.”

इराचा हात चाळणीवर थांबला. ती हळूच म्हणाली, “अप्पासाहेब, काल ऐकलंत ना. वर जात नाही.”

“तू खालून धर,” ते म्हणाले. “वर न्यायला आम्ही आहोत.”

आणि काठी टेकत गेले. मी बाहीने डोळे पुसले. सुंठ नाकात गेली होती, असं मी शोभनाला सांगितलं. इराने चाळणी खाली ठेवली, साखरेचे हात पदराला पुसले आणि मला म्हणाली, “दादा, आज पंखे चालू राहू दे. लोकांना फार उकडतं.”